पेटी, पियानो आणि तबकडी



या मालेत आमच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले की, जिनाच्या मजुरांचे तंटे चालवणाऱ्या माणसास पियानोचे काय? प्रश्न रास्त आहे. आम्हांस पियानो वाजवता येत नाही. पेटीवर ‘सा’ कोठे धरावयाचा एवढे कळते. परंतु पट्ट्यांवर चालणारा हात हाही राबणाराच हात असतो. त्यालाही दाम लागतो, त्याच्याही पोटावर यंत्राचा पाय पडतो, आणि कधी कधी तेच यंत्र त्याला त्याच्या मरणानंतरही जिवंत ठेवते. त्या हाताचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

वऱ्हाडातल्या माणसास ही गोष्ट समजावयास कठीण नाही. जिनात कापूस घातला की रुई एकीकडे पडते आणि सरकी दुसरीकडे. तबकडीने संगीताचे हेच केले. सूर एकीकडे गेला, वाजवणारा दुसरीकडे राहिला. सरकीला निदान तेल आहे, ढेप आहे, भाव आहे. वाजवणाऱ्याला त्याचा भाव मिळावयास फार काळ लागला.

आरंभ जर्मनीपासून करू. १६८५ साली जन्मलेला योहान सेबास्टियन बाख हा वाजवणाऱ्यांच्या घराण्यातला, आणि जन्मभर कोणाचा तरी चाकर. वायमारच्या ड्यूकची नोकरी सोडून त्यास दुसऱ्या दरबारी जावयाचे होते. मोकळे करा म्हणून त्याने हट्ट धरला, तेव्हा १७१७ च्या नोव्हेंबरात ड्यूकने त्यास धरून जवळजवळ महिनाभर कोठडीत ठेवले आणि मग कामावरून काढून टाकले. आज ज्याच्या नावाने जग टोपी काढते तो माणूस राजीनामा मागितला म्हणून तुरुंगात बसला होता. ही हकीकत वाचल्यापासून आम्हांस तो फार जवळचा वाटू लागला.

पुढे १७२२ त या बाखने एक ग्रंथ सिद्ध केला. सप्तकातील बाराही स्वर एकेक करून आधाराला घ्यावेत, आणि प्रत्येकावर मेजर व मायनर अशा दोन्ही स्वरपंक्तींत एकेक जोडी रचावी, म्हणजे चोवीस जोड्या झाल्या. हे साधावयास वाद्य एका विशिष्ट रीतीने लावावे लागते. एकाच आधारस्वराला सारे स्वर शुद्ध लावले तर दुसऱ्या आधारावर तेच बेसूर बोलतात. म्हणून प्रत्येकाला थोडे थोडे इकडेतिकडे सरकवावयाचे, म्हणजे कोणीच पूर्ण तृप्त नाही आणि कोणाचेच काम अडत नाही. युनियनवाल्यास ही पद्धत नवी नाही. आम्ही तिला तडजोड म्हणतो. युरोपातील पट्ट्यांची वाद्ये पुढे याच तडजोडीने, बारा सारख्या अंतरांनी, लागू लागली.

हीच तडजोड बरोबर घेऊन पेटी आपल्या देशात आली. पॅरिसच्या देबाँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता चालवून वाजवावयाचे होते. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्याने त्याची हातभात्याची पेटी केली, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या देशाला ती मानवली. महाराष्ट्रात तिला मोठे घर मिळाले ते संगीत नाटकाचे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० सालचे. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत कंपन्या गावोगाव फिरल्या, आणि आगगाडीच्या डब्यातून पडदे, पेटारे, पेटी आणि ऑर्गन यांसह वऱ्हाडातही उतरल्या. अमरावतीला या कलेचे वेड होते. दादासाहेब खापर्ड्यांसारखा पुढारी नाटकांचा शोकीन होता. अमरावतीच्याच वीर वामनराव जोशांचे ‘रणदुंदुभि’ १९२७ साली दीनानाथांच्या बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. पडद्यापुढे साथीला बसलेल्या माणसाकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाई. तो नुसता ‘पेटीवाला’. मात्र कंपनी त्याला पगार देई आणि दोन वेळचे जेवण घाली. गंधर्व मंडळीत तर तबल्यावर अहमदजान तिरखवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष, अशी मातब्बर मंडळी नोकरीस होती. नाटक कंपनी हा वाजवणाऱ्यांचा एक कारखानाच होता म्हणा ना.

या मंडळींत गोविंदराव टेंबे निराळे. जन्म १८८१ चा, कोल्हापूरकडचे. पेटी हे साथीचे वाद्य, ही समजूत त्यांच्या बोटांनी मोडली. १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली त्यांच्या. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व मंडळीचे एक भागीदारही तेच. पेटीवाला मालक झाला, अशी उदाहरणे थोडी. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदरावच, आणि संगीतही त्यांचेच. बोलपटामुळे नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या. १९३५ साली खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’ चित्रपटात उतरले. बोलपटात एकदा वाजवले की तीच साथ अकोल्यात, खामगावात आणि यवतमाळात एकाच रात्री वाजते. गावोगाव बसणाऱ्या साथीदाराचे काय व्हावयाचे ते झाले.

काहींना मात्र तबकडीनेच हात दिला. मधुकर पेडणेकर, म्हणजे रसिकांचे पी. मधुकर, यांच्या पेटीच्या एकल वादनाच्या तबकड्या निघाल्या आणि घरोघर वाजल्या. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. त्यात आलाप नाही, विस्तार नाही. नाट्यपद धरावयाचे, त्याच्यावर नक्षी काढावयाची आणि सुई शेवटाला पोचण्याच्या आत समेवर यावयाचे. हा हात विलक्षण जलद आणि स्वच्छ आहे. एकही पट्टी दुसरीला चिकटत नाही. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांनी ही परंपरा आपल्या काळापर्यंत चालवली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले.

आता बंदीची हकीकत. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले. रेडिओतील पाश्चात्य संगीताचे अधिकारी जॉन फोल्ड्स यांनी त्याआधीच पेटीवर कडक टीका लिहिली होती. रवींद्रनाथांचाही पेटीस विरोध होता. त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. पेटीवर मींड निघत नाही. तिचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा लागतो, आणि तानपुऱ्याशेजारी तो कानाला टोचतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल तर १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींचा हिशेब मांडून बसले होते, आणि त्यांच्या खटाटोपातून श्रुतींची पेटीही निघाली. म्हणजे दोष होता, आणि तो दुरुस्त करावयास झटणारी माणसेही होती. रेडिओने मात्र दुरुस्तीची वाट पाहिली नाही, सरळ हकालपट्टी केली. त्यामुळे सारंगीवाल्यास काम मिळाले हेही खरे. एकाची बंदी ही दुसऱ्याची भाकरी, हे जिनात आम्ही पुष्कळदा पाहतो. पण तीस वर्षे देशातल्या सर्वांत मोठ्या मालकाकडे पेटीवाल्यास काम नव्हते. १९७१ साली साथीपुरती बंदी सैल झाली. एकल वादनाला त्यानंतरही दीर्घकाळ मज्जाव राहिला. त्या काळातली एकल पेटी ऐकावयाची तर तबकडीच शोधावी लागते.

याच वेळी अमेरिकेत वाजवणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. तेथे बोलपट आल्यावर चित्रपटगृहांतले हजारो वादक घरी बसले होते, आणि रेडिओवर तबकड्या वाजू लागल्यावर उरलेल्यांच्याही पोटावर आली. त्यांच्या युनियनचा पुढारी जेम्स पेट्रिलो, शिकागोचा एक ट्रंपेटवाला. त्याने १ ऑगस्ट १९४२ पासून संप पुकारला: सैनिकांसाठी वाजवू, पण विक्रीच्या तबकडीसाठी एकही सूर नाही. कंपन्यांनी गायकांना नुसत्या कंठसाथीवर गाऊन घेतले, कारण गायक त्या युनियनमध्ये नव्हते. (फूट कोठे असते ते मालकास बरोबर ठाऊक असते.) वर्षभराने डेक्का कंपनी नमली, कोलंबिया आणि व्हिक्टर या दोन बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत ताठ राहिल्या. तोडगा असा ठरला की, विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम युनियनच्या निधीत जमा व्हावी, आणि त्यातून बेकार वादकांना सार्वजनिक कार्यक्रमांचे काम मिळावे. पेट्रिलोवर तेव्हा वर्तमानपत्रांनी फार चिखल उडवला. आमच्या मते तो तबकडीचे अर्थशास्त्र इतरांच्या आधी समजला होता.

या कोलंबिया कंपनीच्याच न्यूयॉर्कमधल्या एका मुद्रणगृहात, जे पूर्वी चर्च होते, जून १९५५ मध्ये कॅनडाचा बावीस वर्षांचा एक तरुण आला. नाव ग्लेन गूल्ड. बरोबर वडिलांनी पाय कापून बुटकी केलेली घडीची खुर्ची. तीवर बसला की त्याचे नाक पट्ट्यांशी येई, आणि वाजवताना तो गुणगुणे. ते गुणगुणणे तबकडीत ऐकू येते. त्याने वाजवले ते बाखचे ‘गोल्डबर्ग’, म्हणजे एक मूळ चाल आणि तिच्यावरचे तीस पालट. हे पियानोवर कंटाळवाणे होणार, अशी जाणत्यांची समजूत होती. १९५६ च्या जानेवारीत तबकडी बाहेर आली आणि ती समजूत उडाली. गूल्डच्या हाताखाली दोन-तीन चाली एकाच वेळी वेगवेगळ्या चालतात, आणि प्रत्येकीचा माग कानाने लावता येतो. विणकराने पाच रंगांचे धागे घेऊन एकही न गुंतवावा, तसे.

जुन्यांत बाख, आणि नव्यांत विसाव्या शतकातले शोनबर्ग, बर्ग, क्रेनेक, हिंडेमिट. या दोन टोकांमधल्या शोपँ-शूमान यांच्या वाटेला तो फारसा गेला नाही. १९५७ साली मॉस्कोत गेला तेव्हा बाखबरोबर हे नवे संगीतही त्याने तेथल्या विद्यार्थ्यांपुढे मांडले. सोव्हिएत राज्यात तेव्हा ते नापसंतीच्या यादीत होते. आम्ही लाल झेंड्याखाली वाढलेले असलो तरी येथे गूल्डच्या बाजूचे आहोत. शोनबर्ग ऐकणे सोपे नाही. पहिल्यांदा आम्हांस नुसता गोंधळ वाटला. पण बाख ऐकून मग तो ऐकला की धागे दिसू लागतात. दोघांतही सुरांना आपापली चाल असते. एक पुढे आणि बाकीचे मागे साथीला, असा प्रकार थोडा. साथीदाराला गौण न मानणारे हे संगीत आहे. म्हणूनच गूल्डने या दोघांना एका हाती धरले असावे, असा आमचा तर्क.

१९६४ साली लॉस एंजेलिस येथे त्याने शेवटचा जाहीर कार्यक्रम केला, आणि बत्तिसाव्या वर्षाच्या आधीच रंगमंच सोडला. पुढे फक्त मुद्रण. बाखच्या त्या चोवीस जोड्यांपैकी एका रचनेचे त्याने अनेकदा मुद्रण केले. सहावे गंभीर झाले होते, आठवे उल्हासाचे. दोन्ही बिनचूक, पण एकेकटे ऐकले तर एकसुरी. तेव्हा त्याने फीत कापून दोन्ही जोडली, आणि १९६६ च्या एका लेखात ते उघड सांगितले. पुष्कळांना ही लबाडी वाटते. आम्हांस वाटत नाही. सुताराने दोन फळ्या जोडल्या तर खुर्ची खोटी होत नाही. आम्हांस फरक दिसतो तो दुसराच: गूल्ड यंत्राकडे गेला तो आपल्या मर्जीने. कोणता तुकडा ठेवावयाचा हे तो स्वतः ठरवी आणि करार त्याच्या हाती होता. आमच्या नाटक कंपनीतल्या पेटीवाल्याला यंत्राने विचारले नव्हते.

१९८१ साली त्याने तेच ‘गोल्डबर्ग’ त्याच मुद्रणगृहात पुन्हा वाजवले. पूर्वी अडतीस-एकोणचाळीस मिनिटे लागली होती, आता एकावन्न. तरुणपणीचे वादन धावते. हे थांबून थांबून, एकेक सूर तोलून टाकते. ४ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नाशी नुकतीच पुरी झालेली असताना, तो वारला. आज ही दोन्ही मुद्रणे खिशातल्या मोबाइलवर मिळतात. श्रोत्यांनी एका संध्याकाळी लागोपाठ ऐकावीत. नंतर शांतपणे पी. मधुकर लावावेत.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही याने अवकाशात सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीवर गूल्डने वाजवलेला बाख आहे, आणि गोव्याच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही चीजही आहे. प्रसिद्ध झालेल्या यादीत बाखच्या पुढे ग्लेन गूल्ड, पियानो, असे लिहिले आहे. केसरबाईंच्या पुढे त्यांचे नाव आहे. साथीला कोण बसले होते त्याचा उल्लेख नाही.

आता कायद्याचे. आपल्या देशातला १९५७ चा कॉपीराइट कायदा रचनाकाराला ओळखत होता, तबकडीच्या कंपनीला ओळखत होता; गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला ओळखत नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा हक्क प्रथम आला, आणि त्याच्या व्याख्येत वाजवणाराही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्क आला. टेंबे १९५५ सालीच गेले, आणि पी. मधुकरही हा कायदा पाहावयास उरले नव्हते.

मागील वर्षी भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक गृहस्थ आमच्या कचेरीत एक कागद घेऊन आले. त्यांच्या वादनाची ध्वनिफीत कोणी इंटरनेटवर चढवली होती, आणि कागदावर एकरकमी मानधनापुढे त्यांची सही होती. आम्ही दोघांनी मिळून २०१२ ची दुरुस्ती ओळीओळीने वाचली. त्यांनी विचारले, “भाऊ, यात साथीदार येतो का?” आम्ही व्याख्या पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवली. येतो. पुढच्या सोमवारी ते आणखी चार वाजवणाऱ्यांना घेऊन आले. त्या पाच जणांचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे.