पत्ते, पोकर आणि पाटल्या

आमच्या घरात पत्त्यांना बंदी होती. गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट खेळायचा झाला तरी आम्ही भावंडं शेजारच्या बिऱ्हाडात जात असू. याला कारण आमचे नाना. नाना शनिवारी रात्री रमी खेळायला जात आणि रविवारी सकाळी परत येत. अशाच एका रविवारनंतर आईच्या हातातल्या पाटल्या तारण म्हणून गेल्या. त्या परत आल्या नाहीत. आई भांडली नाही, रडली नाही. तिने फक्त घरातला पत्त्यांचा कॅट बंबात घातला. त्या दिवशी आंघोळीचं पाणी फार कढत होतं, एवढं मला आठवतं.

पुढे दैवाची गंमत अशी, की मी बँकेत चिकटलो आणि गेली सहा वर्षे सोनेतारणाच्याच टेबलावर बसतो आहे. लोक पाटल्या घेऊन येतात. सराफ वजन करतो, मी अर्ज भरून घेतो. अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना आहे. त्यात बहुतेक सगळे ‘घरगुती अडचण’ असे लिहितात. नानांनीही तेच लिहिलं असणार.

असल्या घरातल्या माणसाने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पोकर शिकायला घ्यावं, हे मलाच पटायला वेळ लागला. पण दोष माझा नाही, एका हिशेबनिसाचा आहे. हा हिशेबनीस अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला, नाव ख्रिस मनीमेकर. आडनाव मी बनवलेलं नाही, त्याचं खरोखरच तसं आहे. या गृहस्थाने ८६ डॉलर भरून इंटरनेटवरच्या एका पात्रता फेरीत भाग घेतला आणि तिथून सरकत सरकत २००३ साली लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत तो जाऊन बसला. तिथली प्रवेश फी एरवी १०,००० डॉलर. ८३९ खेळाडूंत तो पहिला आला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. हे वाचल्यावर कुठला बी. कॉम. माणूस स्वस्थ बसेल?

घरी प्रस्ताव मांडला तेव्हा ही म्हणाली, “अहो, एक पैसा लावायचा नाही.” मी म्हटलं, “चिंचोके लावू.” आईचा चिंचोक्यांचा डबा होता. वर्षाची चिंच फोडताना निघालेले चिंचोके ती का साठवते हे आजवर कुणाला कळलं नव्हतं. ते मला कळलं असं मला वाटलं. आई काही बोलली नाही. डबा माझ्यापुढे ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. खेळायला मेव्हणा, शेजारचे निवृत्त हेडमास्तर, मी आणि आमचे सातवीतले चिरंजीव. प्रत्येकी शंभर चिंचोके.

माझा स्वभाव असा, की कुठल्याही गोष्टीची आधी फाइल तयार करावी आणि मग ती गोष्ट करावी. म्हणून मी प्रथम पोकरचा इतिहास वाचून काढला. जर्मनीत ‘पोखन’ नावाचा एक जुना खेळ होता, फ्रेंचांचा तसाच एक ‘पोक’. फ्रेंचांनी वसवलेल्या न्यू ऑर्लीन्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यातूनच पोकर जन्मला, असं बरेच अभ्यासक मानतात. त्या जर्मन शब्दाचा अर्थ ‘ठोकणे’. आपल्याकडेही कुणी थापा मारू लागला की ‘ठोकून देतोय’ म्हणतात. तेव्हा नाव अगदी योग्य पडलं आहे.

तिथून हा खेळ मिसिसिपी नदीतल्या आगबोटींवर चढला. जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने १८२९ साली अशा एका बोटीवर तो पाहिला आणि पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवला. तेव्हा पत्ते वीसच असत: एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. चौघांना पाच पाच वाटली की कॅट संपला! पानं बदलायची सोय नाही; जे आलं त्यावर पैसे लावायचे. पुढे बावन्न पानं आली, नको ती पानं टाकून नवी घेण्याची सोय आली आणि विसाव्या शतकात टेक्सासमधून ‘होल्डेम’ हा प्रकार आला. त्यात आपली फक्त दोन पानं झाकलेली आणि मधली पाच सर्वांची मिळून उघडी. टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाउन हे गाव या प्रकाराचं जन्मस्थान म्हणून रीतसर मान्य केलं. विधिमंडळांना तिकडेही वेळ असतो.

इंग्लंडात हा खेळ रुजायला हातभार लावला तो अमेरिकेच्या वकिलाने. रॉबर्ट शेंक १८७१ ते १८७६ या काळात लंडनला होता. एका यजमानीणबाईंच्या आग्रहावरून त्याने पोकरचे नियम लिहून दिले आणि त्यांनी ते छापून घेतले. याच सद्गृहस्थाने युटामधल्या ‘एम्मा’ नावाच्या चांदीच्या खाणीच्या कंपनीलाही आपलं नाव दिलं होतं. इंग्रजांनी धडाधड शेअर घेतले आणि खाणीतली चांदी संपली. बँकेत बसून मी एवढं सांगतो, की त्याने पोकरमुळे इंग्रजांचं केलेलं नुकसान त्यामानाने किरकोळ असावं.

अमेरिकेच्या राज्यकारभारालाही या खेळाने एक शब्द दिला. पत्ते वाटायची पाळी ज्याची, त्याच्यापुढे ठेवायच्या खुणेला ‘बक’ म्हणत. वाटायचं नसेल त्याने बक पुढे सरकवायचा. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन पोकरचे शौकीन. ‘बक इथे थांबतो’ अशा अर्थाची पाटी त्यांच्या टेबलावर असे. ही पाटी आमच्या शाखेत एकाही टेबलावर नाही. आमच्याकडे बक शुक्रवारी संध्याकाळी निघतो आणि सोमवारी सकाळी माझ्यापाशी येतो.

असो. इतकी तयारी करून मी खेळायला बसलो आणि तासाभरात माझे शंभराच्या शंभर चिंचोके गेले. कारण सोपं होतं. प्रत्येक डावात मी होतो. पानं आली आहेत तर खेळायला नकोत? फुकट का घालवायची? लग्नाच्या पंगतीत नको असलेली जिलबी पानात घेणाऱ्यांचा हा धर्म आहे.

तेव्हा मी हर्बर्ट यार्डलीला शरण गेलो. हा मनुष्य मूळचा हेर. सांकेतिक भाषा फोडण्यात तरबेज. १९२१ च्या वॉशिंग्टन परिषदेच्या वेळी जपानी सरकारच्या गुप्त तारा त्याच्या खात्याने वाचल्या होत्या. याने १९५७ साली आपल्या पोकरशिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्याचं सार एका ओळीत: पानं चांगली नसतील तर टाका आणि गप्प बसा. होल्डेममध्ये दोन पानांच्या १,३२६ जोड्या होऊ शकतात. त्यांतल्या सहाच जोड्या दोन एक्क्यांच्या, म्हणजे २२१ डावांत एकदा. बाकीच्या वेळी बहुतांशी नवशिक्याचं काम ‘पॅक’ म्हणायचं. तीन पत्ती खेळणाऱ्यांना हा शब्द ठाऊक आहे. पण म्हणवत नाही, हीच तर गोम आहे.

त्यानंतर त्रैराशिक. हे मला एकदम जमलं. समजा, मधे १०० चिंचोके आहेत आणि पुढचं पान पाहायला तुम्हांला २० घालायचे आहेत. म्हणजे २० लावून १०० मिळायचे. सहांत एकदा जिंकलात तरी बरोबरी. तुमच्यापाशी चार बदाम जमले आहेत, पाचवा हवा. न दिसलेली पानं ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे साधारण पाचांत एकदा. तेव्हा बेलाशक २० घाला. पण तेच पान पाहायला ५० मागितले तर? मग तिनांत एकदा जिंकायला हवं. बदाम तितके नाहीत. पॅक! यात धैर्य नाही, नशीब नाही. नुसता भागाकार आहे. आणि एक गोष्ट यार्डलीपासून सगळे सांगतात: मधे पडलेले चिंचोके तुमचे नव्हेत. ते तुम्हीच घातले असले तरी आता तुमचे नव्हेत. ‘इतके घातलेत तर आणखी थोडे’ हा हिशेब चुकीचा आहे. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. नानांना हे कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

खेळात बसायचं कसं, हेही शास्त्र आहे. २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुड गावच्या एका गुत्त्यात ‘वाइल्ड बिल’ हिकॉक नावाचा नामांकित नेमबाज पोकरला बसला. नेहमी तो भिंतीला पाठ लावून बसे. त्या दिवशी ती जागा दुसऱ्याने अडवली होती. बिलने जागा बदलून मागितली, मिळाली नाही. तरीही तो खेळत राहिला आणि पाठीमागून आलेल्या जॅक मॅकॉलने त्याला गोळी घातली. त्याच्या हातात एक्के आणि अठ्ठ्या होत्या, असं सांगतात. लोक अजून ती पानं अपशकुनी मानतात. मला विचाराल तर पानांचा काही दोष नव्हता. चुकीच्या जागी बसल्यावर उठायला हवं होतं.

आता राहिली हूल. हातात काही नसताना सगळं असल्याचा आव आणायचा. मला वाटे, हा चारित्र्याचा प्रश्न आहे. पण जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९२८ च्या आपल्या निबंधात आणि पुढे १९४४ साली मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात दाखवून दिलं, की हूल ही लबाडी नसून गणिताची गरज आहे. तुम्ही फक्त चांगल्या पानांवरच मोठी बोली लावलीत तर समोरचा दर वेळी पॅक होणार आणि तुमची चांगली पानं वाया जाणार. म्हणून अधूनमधून अगदी टाकाऊ पानांवरही लावावी. मनीमेकरने शेवटी शेवटी सॅम फार्हा या मुरलेल्या खेळाडूला अशीच हूल दिली. त्याची पानं सरस असून त्याने टाकली. हा सिद्धान्त मी चिरंजिवांना समजावून सांगितला. त्यांनी तो त्याच रात्री माझ्यावर चालवला. हातात सत्ती आणि दुर्री, आणि चेहरा असा की प्रगतिपुस्तकावर सही मागतानासुद्धा मी कधी पाहिला नव्हता. हेडमास्तर म्हणाले, “हुशार आहे हो मुलगा.” हेडमास्तरांनी त्याला हुशार म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

इथे माझं बिनसलं. पुढच्या डावात हाती राजांची जोडी होती. नियमाप्रमाणे लावले, सगळं बरोबर केलं आणि शेवटच्या पानावर मेव्हण्याला तिसरी चव्वी मिळाली. “भाऊजी, सॉरी हं,” असं म्हणून त्याने ढीग ओढला. मारिया कॉनिकोव्हा नावाची मानसशास्त्राची डॉक्टर पोकर शिकायला निघाली तेव्हा कॅटात पानं किती हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. एरिक सायडेल हा तिचा गुरू. पानांनी कसा दगा दिला याच्या कहाण्या ऐकायला तो तयारच नसे. निर्णय बरोबर होता का, एवढंच बोल. निकाल हातात नसतो, निर्णय असतो. बाईंनी २०१८ साली बहामात एक स्पर्धा जिंकून ८४,६०० डॉलर मिळवले आणि २०२० साली यावर पुस्तक लिहिलं. मी ते वाचलं होतं. अधोरेखितसुद्धा केलं होतं. पण मेव्हण्याचं ते ‘सॉरी हं’ ऐकलं आणि मी ईरेला पेटलो.

साडेअकरा झाले. हेडमास्तर जांभया देत होते. चिरंजीव बसल्या बसल्या पेंगत होते. मी म्हटलं, “आणखी एक डाव.” मग आणखी एक. चिंचोके संपले तेव्हा मी उठून डब्यात हात घातला. डबा रिकामा होता. “अगं, आणखी चिंचोके आहेत का कुठे?” मी ओरडलो. आवाज बरा नव्हता, हे मलाही कळलं.

आतल्या दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती, ठाऊक नाही.

“त्यांचंही असंच,” ती म्हणाली. चाळीस वर्षांत नानांच्या पत्त्यांबद्दल ती पहिल्यांदा बोलत होती. “चांगले खेळायचे रे ते. सगळे म्हणायचे. त्या रात्रीही दहा वाजेपर्यंत जिंकत होते. पानं येत होती, हिशेब येत होता. फक्त उठता येत नव्हतं.”

कुणी काही बोललं नाही. मेव्हण्याने पानं गोळा केली. मी उठलो. उठताना गुडघा वाजला तेवढाच आवाज.

मला वाटलं, झालं, दुसऱ्या दिवशी हाही कॅट जाणार. पण आता बंब नाही, गीझर आहे. शिवाय शनिवारी संध्याकाळी आईने स्वतःच चिंचोक्यांचा डबा बाहेर आणून ठेवला, मोजून. हल्ली आम्ही आठला बसतो. मी दहांतली आठ पानं टाकतो. जिंकतो थोडे, हरतो थोडे, आणि सोनेतारणाच्या टेबलावर ‘घरगुती अडचण’ असं लिहून घेताना समोरच्या माणसाकडे आता जरा जास्त वेळ पाहतो.

दहा वाजले की आई येते आणि दिवा मालवते. कुणाच्या हातात काय पानं आहेत, हे ती विचारत नाही.