काजवा पर्यटन, भंडारदरा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत चालणारे हंगामी निसर्गपर्यटन. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण (१९२६) आणि त्याभोवतीचे कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य (१९८६) हे त्याचे क्षेत्र. घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, रतनवाडी, साम्रद या गावांच्या शिवारात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एकाच लयीत लुकलुकतात. अंधार पडताच सुरू होणारा हा खेळ पाहायला मुंबई, पुणे व नाशिकहून पर्यटक येतात. मुक्काम, जेवण व वाटाड्याच्या कामातून आदिवासी गावांना ऐन पावसाच्या तोंडावर रोख पैसा मिळतो.

काजवा हा लॅम्पिरिडी कुलातील भुंगेरा आहे. ल्युसिफेरिन या द्रव्याचा ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याच्या पोटाच्या टोकाशी जवळजवळ उष्णताविरहित प्रकाश निर्माण होतो. हा प्रकाश म्हणजे जोडीदारासाठीची साद. नर उडता उडता चमकतो. मादी बहुधा गवतात किंवा खालच्या फांदीवर बसून मंद उत्तर देते. प्रौढ काजव्याला मीलनासाठी जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. त्याआधीचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओलसर माती व पालापाचोळ्यात गोगलगायी आणि गांडुळे खाण्यात गेलेले असते.

पर्यटनामुळे होणारे नुकसान नेमके या मीलनाच्या काळात होते. वळणावर गाडीच्या दिव्यांचा झोत झाडावर पडला की लुकलुक मंदावते आणि नर-मादीचा संवाद तुटतो. रस्ता सोडून झाडाखाली शिरणाऱ्यांच्या पायांखाली गवतातल्या माद्या चिरडतात. फोटोसाठी फांद्या हलवणे, काजवे बाटलीत भरणे, झाडाजवळ शेकोटी पेटवणे हेही तितकेच घातक. ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात अधिवासाचा नाश, कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके हे काजव्यांपुढील मोठे धोके म्हणून नोंदले आहेत.

हंगामात वनविभाग तपासणी नाक्यांवर प्रवेशशुल्क घेतो. ध्वनिवर्धक, मद्य व प्लॅस्टिक यांवर निर्बंध घालतो. मात्र शनिवार-रविवारी अरुंद रस्त्यांवर वाहनांच्या रांगा लागल्या की नुसत्या सूचनांचा उपयोग राहत नाही. मलेशियातील कुआला सेलांगोर येथे वल्ह्यांच्या होड्यांतून काजवे दाखवतात. अमेरिकेच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात ऐन बहराच्या दिवसांत सोडत काढून मोजक्याच वाहनांना प्रवेश देतात. भंडारदऱ्यालाही अशीच वाहनमर्यादा हवी. त्यासोबत स्थानिक वाटाड्या सक्तीचा केला तर काजवे टिकतील आणि गावांचे उत्पन्नही बुडणार नाही.

जाणाऱ्यांनी शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, गाडी गावातच उभी करून दिवे बंद करावेत, बॅटरीला लाल कागद लावून तिचा झोत फक्त पायांपुढे ठेवावा आणि काजवे रस्त्यावरूनच पाहावेत.