पिनबॉलचा आवाज : घंटीपासून आजीच्या 'शाब्बास'पर्यंत

कुणाच्या बेसमेंटमध्ये, नाहीतर एखाद्या जुन्या आर्केडमध्ये पिनबॉलचं यंत्र तुम्ही पाहिलं असेलच. मुलं रंगून खेळतात आणि आपण म्हणतो, "अरे, केवढा हा गोंगाट!" आज त्या गोंगाटाकडेच जरा कान देऊया. कारण हल्ली अनेक हौशी मंडळी यंत्रातलं मूळ संगीत बदलून आपल्या पसंतीचं बसवतात. हे शक्य कसं झालं आणि ते करताना काय जपायचं, याची ही गोष्ट.

पिनबॉलचं माहेर शिकागो. गॉटलीब, बॅली, विल्यम्स, स्टर्न ही सगळी नावं तिथलीच. गॉटलीबचा 'बॅफल बॉल' १९३१ साली आला. पुढे कित्येक दशकं या यंत्रांचा आवाज खराखुरा होता. आधी घंटा होत्या, मग धातूच्या पट्ट्या आल्या. वीज मिळाली की चुंबकाच्या जोरावर एक दांडा उसळायचा आणि पट्टीवर आपटायचा. दहा गुणांना एक सूर, शंभराला दुसरा, हजाराला तिसरा. चेंडूवरची नजर न हलवता खेळाडूला कळायचं, किती मिळाले ते! म्हणजे तो आवाज नुसती सजावट नव्हता, तो निरोप होता.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक आवाज आले. विल्यम्सच्या 'फ्लॅश'मध्ये पार्श्वध्वनी सतत वाजत राहिला. १९७९ साली त्यांचाच 'गॉर्गर' चक्क बोलू लागला. शब्दसंपत्ती अवघी सात शब्दांची! पण सोबत हृदयाची धडधड होती, आणि खेळ लांबला की ती वाढायची. १९८० साली बॅलीच्या 'झेनॉन'साठी सुझान चियानी या संगीतकार बाईंनी आपला आवाज दिला. कोका-कोलाच्या जाहिरातीतला बाटली उघडून पेय ओतल्याचा आवाजही त्यांनीच सिंथेसायझरवर घडवलेला. १९९२ च्या 'द अॅडम्स फॅमिली'साठी तर चित्रपटातल्या राऊल हुलिया आणि अँजेलिका ह्यूस्टन यांनी खास संवाद रेकॉर्ड केले. त्या यंत्राच्या २०,२७० प्रती विकल्या गेल्या.

आता आवाज बदलण्याचं गमक. या काळातल्या बहुतेक यंत्रांत गुण मोजणारा बोर्ड वेगळा आणि आवाज काढणारा बोर्ड वेगळा. पहिला दुसऱ्याला फक्त एक क्रमांक कळवतो : अमुक नंबरचा आवाज वाजव. तो आवाज कसा आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून जुन्या ध्वनीबोर्डाच्या जागी नवा बसवता येतो. तो तेच क्रमांक ऐकतो आणि मेमरीतली, तुम्ही भरलेली फाइल वाजवतो. जुना बोर्ड निकामी होऊन मुकं झालेलं यंत्रही असं पुन्हा बोलतं करता येतं.

पण मंडळी, इथेच सांभाळायचं. ढोल-ताशा घाला, हरकत नाही. मात्र मूळ आवाज काय सांगत होता, हे आधी ऐका. चेंडू हातचा गेल्याचा सूर आणि जॅकपॉटचा सूर एकसारखे झाले, तर खेळाडू आंधळा होतो. निवेदन चालू असताना संगीत हळू व्हायला हवं. नवी फाइल जुनीच्याच लांबीची ठेवा, नाहीतर पुढचा आवाज तिच्यावर चढतो. आणि मागची पेटी उघडण्याआधी प्लग काढाच, आत जास्त दाबाची वीज असते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ चिपमधल्या आवाजांची प्रत काढा आणि जुना बोर्ड नीट गुंडाळून, नाव लिहून ठेवा. त्यात कुणाची तरी महिनोन्‌महिन्यांची मेहनत आहे. यंत्र पुढे दुसऱ्याच्या घरी गेलं, तर त्यालाही ती ऐकू येऊ दे.

मग खुशाल भर घाला. पुण्याहून, नागपूरहून आजी आल्या असतील, तर त्यांच्याकडून एक "शाब्बास!" आणि एक "अगं बाई, गेला की!" रेकॉर्ड करून घ्या. आजी परत गेल्यावरही नातवंडांना बेसमेंटमध्ये त्यांची शाबासकी मिळत राहील. फक्त त्या फाइलचीही एक प्रत जपून ठेवा बरं का!

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!