पिकाडिली: एका कॉलरची कुळकथा

लंडनच्या पिकाडिली रस्त्याचं नाव शिंप्याच्या दुकानातून आलं आहे. सोळावं शतक सरता सरता इंग्लंडात ‘पिकाडिल’ हा कपड्यांतला शब्द रुळला. त्याचं मूळ स्पॅनिश ‘पिकादो’. अर्थ टोचलेलं, कातरलेलं. बैलांच्या झुंजीतला घोडेस्वार पिकादोर आणि खिम्याचा पदार्थ पिकादियो ही त्याचीच भावंडं.

कॉटग्रेव्हच्या १६११ सालच्या फ्रेंच-इंग्रजी कोशात पिकाडिल म्हणजे जाकिटाच्या कॉलरच्या कडेला जोडलेले कातरीव तुकडे. पुढे हेच नाव त्याखालच्या ताठ आधारालाही मिळालं. त्या काळच्या लेसच्या रुंद कॉलरी नुसत्या खळीवर उभ्या राहत नसत. पुठ्ठा कापायचा, त्यावर सॅटिन चढवायचं, कडेला पाकळ्या शिवायच्या आणि हा सांगाडा मानेमागे बसवायचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असा एक पिकाडिल जपलेला आहे. मिरवायची ती लेस, पण शिंप्याचं खरं कसब दिसतं ते या सांगाड्यात.

फॅशन एवढी बोकाळली की १६१५ मध्ये राजा पहिला जेम्स केंब्रिजला येणार म्हणताच विद्यापीठाने विद्यार्थ्यांना पिकाडिल, अवाढव्य कॉलरी आणि बुटांवरची फुलं घालायला मनाई केली.

या हौसेवर रॉबर्ट बेकरचं घर उभं राहिलं. सॉमरसेटहून आलेला हा शिंपी स्ट्रँडवर दुकान चालवी. पैसा गाठीशी आल्यावर १६१२ च्या सुमारास त्याने शहराच्या पश्चिमेला, पवनचक्कीजवळच्या मोकळ्या रानात जमीन घेतली आणि घर बांधलं. (ती पवनचक्की ग्रेट विंडमिल स्ट्रीटच्या नावात अजून आहे.) लोकांनी घराला नाव ठेवलं ‘पिकाडिली हॉल’. १६२३ मध्ये बेकर वारला. नाव मात्र आजूबाजूच्या जागेला चिकटलं.

१६५६ मध्ये कोशकार थॉमस ब्लाउंटने हे घर बांधल्याचं श्रेय हिगिन्स नावाच्या शिंप्याला दिलं. शिवाय दुसरा तर्कही मांडला: पिकाडिल जसा वस्त्राच्या कडेला, तसं हे घर वस्तीच्या कडेला, म्हणून हे नाव. तर्क देखणा आहे, पण जमिनीचे कागद बेकरच्या बाजूने बोलतात.

दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, त्याच्या पोर्तुगीज राणीच्या मानार्थ, या रस्त्याच्या मोठ्या भागाला ‘पोर्तुगाल स्ट्रीट’ हे नाव मिळालं. लोकांच्या तोंडी ते टिकलं नाही. १८१९ मध्ये या रस्त्याला रीजंट स्ट्रीटशी जोडणारा चौक तयार झाला. पुढे त्यालाही शिंप्याकडचंच नाव लागलं: पिकाडिली सर्कस.