कामाच्या जागी चहादाणी का हरली आणि किटली का जिंकली?

१/ वेंगुर्ल्यात डच वखारीचे भग्नावशेष आजही उभे आहेत. त्याच गावाच्या बाजारात दुकानदारांचा चहा ॲल्युमिनियमच्या किटलीतून येतो. काम करता करता चहा कोणत्या भांड्यातून घ्यावा, हा प्रश्न या दोन्ही गोष्टींना जोडतो, आणि तो पावणेचारशे वर्षांहून जुना आहे.

२/ डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्यात पाय रोवले. आदिलशाहीची परवानगी, सुरक्षित बंदर आणि पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवता येईल एवढे अंतर, या तिन्ही गोष्टी तेथे जुळून आल्या. याच कंपनीची मोठी वखार सुरतेला होती. चहाची नोंद सापडते ती तेथे.

३/ जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ मध्ये सुरतेला आला. इंग्रज व्यापाऱ्यांच्या रोजच्या बैठकीत चहा घेतला जाई, असे त्याने लिहून ठेवले. इंग्लंडमध्ये चहा रुळण्यापूर्वीच तो हिंदुस्थानातील वखारींत कामकाजाचा भाग झाला होता.

४/ १६८९ मध्ये सुरतेस आलेला पाद्री ओव्हिंग्टन याने दोन मार्मिक गोष्टी टिपल्या. डचांचे चहाचे भांडे विस्तवावरून क्वचितच उतरे. आणि स्थानिक लोक पाण्यात गरम मसाले उकळून, खडीसाखर घालून चहा पीत. डोकेदुखीवर तो गुणकारी मानला जाई.

५/ येथेच दोन वाटा फुटतात. चीनमधील यिशिंगच्या लाल मातीच्या चहादाण्या डचांनी युरोपात नेल्या. डेल्फ्ट शहरात १६८० च्या सुमारास त्यांच्या नकलाही होऊ लागल्या. पण अशी चहादाणी चुलीवर ठेवण्यासाठी नसते. पाणी दुसरीकडे उकळायचे, पात्यांवर ओतायचे आणि चहा मुरेपर्यंत थांबायचे. ती निवांत बैठकीची वस्तू आहे.

६/ १९०३ मध्ये चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने व कोळसाखाणींत चहाची दुकाने काढावीत, कामगारांना चहापुरती सुटी द्यावी, असा आग्रह चहा-उद्योगाने धरला. रेल्वे स्थानकांवरील लहान कंत्राटदारांना किटल्या, कप आणि चहाची पाकिटे पुरवली गेली.

७/ मुंबईच्या गिरण्यांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने होती. (१ मे १९८१ रोजी त्यातूनच सिंधुदुर्ग वेगळा झाला.) १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाचा कामाचा दिवस बारा तासांवर आणला, म्हणजे बारा तास ही सवलत होती! अशा दिवसात चहा मुरण्याची वाट पाहायला सवड कोणाला?

८/ प्रचारकांची शिकवण इंग्रजी पद्धतीची होती: भांडे आधी गरम करा, चहा मुरू द्या, दूध वरून घाला. विक्रेत्यांनी ती बाजूला सारली. दूध, साखर, मसाला सारे एकत्र उकळले. पत्ती कमी लागते म्हणून प्रचारक नाराज झाले. पण थकलेल्या अंगाला गोड, दाट पेयाचा आधार हवा होता.

९/ भांड्याच्या धातूनेही साथ दिली. १८९८ मध्ये मद्रासच्या कला विद्यालयात आल्फ्रेड चॅटरटन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवण्यास आरंभ केला. हलकी, आदळली तरी न फुटणारी आणि थेट विस्तव सोसणारी ही भांडी फिरत्या विक्रेत्याच्या सोयीची होती. पुढे सीटीसी यंत्राची दाणेदार पत्ती आली. उकळताच ती क्षणात रंग सोडते.

१०/ मात्र किटलीने सगळ्यांना एका ओळीत बसवले नाही. महाराष्ट्रातील कितीतरी चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळा कप ठेवला जाई, आणि तो त्यांनाच धुवावा लागे. चहा एकाच किटलीतला, कप मात्र जातीचा. चहाचा इतिहास सांगताना हा कप वगळता येत नाही.

११/ चहा कसा प्यावा हे कंपन्यांनी ठरवू पाहिले. तो प्रत्यक्षात कसा प्यायला जाईल, हे मात्र राबणाऱ्यांच्या घड्याळाने आणि खिशाने ठरवले. भांडे विस्तवावरून न उतरवणारे डच आणि मसाला उकळणारे सुरतकर यांची रीत टिकली; नाजूक चहादाणी दिवाणखान्याच्या कपाटात गेली. वेंगुर्ल्याच्या वखारीच्या भिंती ढासळल्या, बाजारातली किटली अजून गरम आहे.