‘मागे फिरा’ म्हणण्याचा अधिकार

१४ एप्रिल म्हटलं की महाराष्ट्राला आंबेडकर जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो. पुढचा आठवडाभर बंबांच्या केंद्रांवर प्रात्यक्षिकं होतात, शाळकरी मुलांना शिडी आणि होसपाइप दाखवतात, अधिकाऱ्यांच्या छातीवर छोटे ध्वज लावले जातात. मुंबईत भायखळ्याच्या मुख्यालयातल्या स्मारकाला मानवंदना दिली जाते. हा दिवस ज्यांच्या नावाने आहे ते मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण १९४४ साली गोदीतल्या स्फोटात गेले.

दरवर्षी त्यांच्याबद्दल एकच वाक्य बोललं जातं : ते आगीशी झुंजताना धारातीर्थी पडले. वाक्य खरंच आहे. मात्र त्या दुपारचा घटनाक्रम जितक्या वेळा वाचला, तितक्या वेळा मला वाटत गेलं की हे वाक्य आपल्याला फार लवकर समाधान देतं. धैर्य त्या ६६ जणांकडे होतंच. त्या दिवशी कमी पडली ती दुसरीच गोष्ट. ती कोणती, एवढंच या लेखात पाहायचं आहे.

‘फोर्ट स्टिकीन’ हे कॅनडात १९४२ साली बांधलेलं, सात हजार टनांचं मालवाहू जहाज. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, ते युद्धाचं सामान घेऊन. त्यात विमानं होती, सोन्याच्या विटा होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. वाटेत कराचीला काही माल उतरला. रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपं आणि आणखी बरंच जळाऊ सामान भरलं गेलं. कप्तान नेस्मिथने या भरतीला नाराजी दाखवली होती. पण युद्धकाळात जहाजांची जागा सोन्यापेक्षा महाग असते. कापूस चढला, जहाज निघालं आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं.

दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या दुसऱ्या खणात, खाली कापूस होता आणि वर स्फोटकं. पुढचं सगळं समजायला ही मांडणी लक्षात ठेवावी लागते. शांततेच्या काळात असं जहाज बंदराबाहेर उभं करून, लाल बावटा लावून, माल छोट्या पडावांतून उतरवायची पद्धत होती. युद्धात ती गुंडाळून ठेवली होती. त्यामुळे १४ एप्रिलला, शुक्रवारी, शहराला खेटून उभ्या असलेल्या त्या जहाजात बहुतेक स्फोटकं तशीच होती. बावटाही नव्हता.

दुपारी दोनच्या सुमाराला होल्डमधून धूर येताना जहाजावरच्या लोकांच्या लक्षात आलं. शेजारच्या जहाजांवरून धुराची बारीक रेघ त्याआधीच काहींना दिसली होती, पण आपल्या जहाजाची नाही म्हणून कुणी ओरड केली नाही. बंब आले. नळ्या होल्डमध्ये सोडल्या गेल्या. धूर इतका दाट होता की आग नेमकी कुठे आहे तेच दिसेना. जहाजाच्या कुशीवर एका जागी रंगाला फोड यायला लागले, तेव्हा आग त्याच्या आड असावी असा अंदाज आला. तिथला पत्रा कापून थेट आगीवर पाणी मारावं म्हणून गॅस कटर मागवला, तो चालेना. मग उरला एकच मार्ग : वरून पाणी ओतत राहायचं. सुमारे ९०० टन पाणी त्या जहाजात गेलं.

इथे त्या मांडणीचा फास बसला. पाण्याची पातळी चढत गेली तशा जळत्या गाठी तरंगत वर सरकायला लागल्या. वर स्फोटकं होती. ज्या पाण्याने आग विझवायची, तेच पाणी आगीला उचलून दारूगोळ्याजवळ नेत होतं.

जहाजावर त्या दोन तासांत कोण कोण होतं ते पाहा. कप्तान नेस्मिथ होता, जहाज त्याचं. दारूगोळा खात्याचा कॅप्टन ओबर्स्ट आला. त्याने मालाची यादी पाहिली आणि ही आग स्फोटकांपर्यंत गेली तर गोदी उरणार नाही, जहाज बुडवा, असं सांगितलं. त्यावर अडचण निघाली की गोदीत पाणी फार खोल नाही. जहाज तळाला टेकलं तरी वरचा माल कोरडाच राहील. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर आले. त्यांचं मत, जहाज ओढून बाहेर समुद्रात न्या. पण जहाजाचं इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेलं होतं, आणि धक्का सोडला की धक्क्यावरच्या नळ्यांचं पाणीही सुटणार होतं. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांची भिस्त पाण्यावर होती. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर. प्रत्येकाला आपल्या खात्यापुरता अधिकार. हे सगळं ऐकून शेवटचा शब्द टाकेल, असा माणूस मात्र तिथे कुणीच नव्हता.

आणि ज्यांचे जीव पणाला लागले होते, त्या नळी धरणाऱ्या माणसांचा या चर्चेत कुठेच भाग नव्हता. त्यांच्या हातात नळी होती, पायाखाली तापलेला डेक होता. आपण कशावर उभे आहोत हे त्यांतल्या किती जणांना कुणी सांगितलं असेल?

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. तो जहाजासाठी होता. धक्क्यावरून पाणी मारणं चालूच राहिलं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, जहाजाचे दोन तुकडे झाले. अर्ध्या तासाने दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आसपासची अकरा जहाजं बुडाली किंवा बुडायला लागली. जळता कापूस आणि तापलेलं लोखंड गोदीमागच्या वस्त्यांवर पडलं आणि आगी लागल्या. त्या आटोक्यात आणायला तीन दिवस गेले. पुढे आठ हजार माणसं सात महिने ढिगारा उपसत होती. अधिकृत आकड्यांनुसारही मृत शेकड्यांत होते. प्रत्यक्षात ते त्याहून बरेच जास्त असावेत असं मानलं जातं. कप्तान नेस्मिथ गेला. आणि ते ६६ जण.

सरकारने बातमी दाबली. जगाला सविस्तर वृत्त आधी कळलं ते जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. इथल्या वार्ताहरांना लिहायची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मला या सेन्सॉरशिपचा एक दूरचा परिणाम जाणवतो. चूक उघडपणे चर्चेला येत नाही तेव्हा लोकांजवळ फक्त हौतात्म्य उरतं. शोकाला जागा मिळते, प्रश्नाला मिळत नाही.

आता प्रश्नाकडे येऊ. आग विझवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात आपण काय मोजतो? नळी किती सेकंदांत जोडली, शिडी किती वेळात उभी केली, बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेऊन किती चपळाईने उतरलं. हे लागतंच. १९५६ साली राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झालं आणि पुढे नागपूरला आलं, तेव्हा देशात या विद्येला एक घर मिळालं. पण या विद्येचा दुसरा अर्धा भाग प्रात्यक्षिकांत दिसत नाही : कधी आत जायचं नाही, आणि आत गेलेल्यांना कधी बाहेर बोलवायचं.

लंडनचं एक उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. जानेवारी १९५८ मध्ये तिथल्या स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघरांना आग लागली. खाली बोळांचं जाळं, सगळीकडे काळा धूर. श्वसनयंत्र लावून आत गेलेले दोन फायरमन परत आले नाहीत. त्यांच्याकडचा प्राणवायू संपला होता. शौर्यगाथा तिथेही लिहिता आली असती. पण त्या दलाने जुने नियम उलटेपालटे केले. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नावाचा बिल्ला बाहेर द्यायचा. बाहेर एक जण फळा घेऊन उभा राहणार. कोण किती वाजता आत गेला, टाकीत किती हवा होती, कधी परतायला हवा, हे तो लिहिणार. त्याने आगीकडे बघायचं नाही, घड्याळाकडे बघायचं. टाकीतली हवा संपत आली की वाजणारी शिट्टीही त्यानंतर यंत्राला आली.

हा फळा धरणारा माणूस मला अग्निशमनातला सर्वांत दुर्लक्षित माणूस वाटतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही. त्याला शौर्यपदक मिळणं अवघड. पण व्हिक्टोरिया गोदीत त्या दुपारी नेमका तोच नव्हता. अमेरिकेतही हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने शिकली गेली. १९७० साली कॅलिफोर्नियात वणवे पेटले, अनेक खात्यांची माणसं एकत्र आली आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशी गत झाली. त्यातून ‘इन्सिडेंट कमांड’ नावाची पद्धत घडली. तिचं सार साधं आहे : घटनास्थळी किती का खाती असेनात, प्रमुख एकच, आणि सुरक्षिततेवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला काम तिथल्या तिथे थांबवायचा हक्क.

आपल्याकडे अधिकारी म्हणजे सर्वांत पुढे असणारा, ही समजूत खोल आहे आणि तिच्यात मोठेपण आहे. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर भाजले होते. उपचार चालू असताना पुढच्या दिवसांत तेही गेले. एका जुन्या इमारतीच्या आगीत दलाने आपला प्रमुख आणि उपप्रमुख दोघेही गमावले. या चौघांबद्दल मनात आदराशिवाय काही येत नाही. पण त्या आदरापोटीच विचारावंसं वाटतं की एका शहराने आपल्या दलाचा इतका अनुभव एकाच वेळी एकाच भिंतीखाली उभा करावा का? हा प्रश्न त्यांच्यासाठी नाही. तो त्यांच्यामागे उभ्या असलेल्या व्यवस्थेसाठी आहे, म्हणजे मनुष्यबळ, साधनं, जुन्या इमारतींची माहिती आणि आपण नागरिक, यांच्यासाठी.

शिवाय स्फोट आणि पडझड ही या कामातली फक्त दिसणारी मरणं. न दिसणारी वेगळीच आहेत. अमेरिकेतल्या अभ्यासांत कामावर असताना दगावलेल्या अग्निशामकांत ४५ टक्के मृत्यू हृदयविकाराने झालेले दिसले. कारण कळायला डॉक्टर असायची गरज नाही : झोपेतून घंटेने उठवलेलं शरीर, दोन मिनिटांत जड पोशाख, उष्णता, घामाने आटलेलं पाणी आणि पाठीवर टाकी घेऊन चढलेले जिने. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. प्लास्टिक, फोम, रंग जळून निघालेली काजळी फक्त नाकातून जात नाही, कातडीतूनही मुरते. ती पोशाखावर बसून केंद्रात येते, बिछान्यापर्यंत येते.

यावरचे उपाय नाट्यमय नाहीत. आग विझल्यावर धुमसत्या ढिगाऱ्यात शिरतानाही मास्क न काढणं. काळवंडलेला पोशाख धुणं, त्यासाठी दुसरा जोड मिळणं. केंद्रात आल्यावर लगेच अंघोळ. वर्षाला खरी वैद्यकीय तपासणी, आणि तीत काही निघालं तर नोकरी जाईल ही भीती नसणं. यातली प्रत्येक गोष्ट वरिष्ठांच्या वागण्यावर ठरते. काजळीने माखलेला पोशाख ही मर्दुमकीची खूण आहे असं जुना जवान मानत असेल, तर नवा पोरगा तो धुवायला टाकणार नाही. मास्क आधी साहेबांनी लावला तर मागचे लावतील. नेतृत्व हा शब्द आपण भाषणांसाठी वापरतो. केंद्रात ते असं कपडे धुण्यातून दिसतं.

म्हणून १९४४ ची दुपार आणि आजचं आरोग्य हे मला एकाच प्रश्नाचे भाग वाटतात. दोन्हीकडे धोका कुणाला तरी माहीत असतो. ओबर्स्टला माहीत होता, आज वैद्यकशास्त्राला माहीत आहे. तो नळी धरणाऱ्यापर्यंत पोचतो का, आणि पोचल्यावर त्याला थांबायची मुभा असते का, एवढंच विचारायचं.

भायखळ्याच्या स्मारकापुढे दरवर्षी फुलं वाहिली जावीत. त्यांत उणीव असू नये. पण मानवंदना झाल्यावर प्रत्येक केंद्रात त्या दोन तासांचा घटनाक्रमही वाचला जावा : होल्डमध्ये काय कुठे होतं, कोण काय म्हणालं, पाणी चढल्यावर काय झालं. नंतर नव्या जवानांना विचारावं, तुम्ही तिथे असता तर साडेतीन वाजता काय केलं असतं? जो पोरगा चाचरत, वरिष्ठांकडे बघत म्हणेल की ‘साहेब, मी माणसं मागे घेतली असती’, त्याला त्या दिवशी कुणी हसू नये.