दुसरं ऑपरेशन म्हणजे पहिल्याचं अपयश?

मार्फान सिंड्रोमवरचे पेपर वाचायला घेतलेत की एक वाक्य हमखास भेटेल: या रुग्णांना महाधमनीचं ऑपरेशन पुन्हा करावं लागण्याची शक्यता जास्त असते. वाशीहून लोकलने जाताना मी ते पहिल्यांदा वाचलं आणि वाटलं, म्हणजे पहिलं ऑपरेशन फसलं. इतिहास वाचल्यावर मत बदललं.

१८९६ मध्ये पॅरिसच्या आंत्वान मार्फान यांनी लांबसडक बोटांच्या पाच वर्षांच्या एका मुलीची नोंद केली. महाधमनीचा धोका नंतर कळला. १९७२ च्या एका अभ्यासात या रुग्णांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ निघालं. बहुतेक मृत्यू हृदय आणि महाधमनीमुळे होते. दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत पोचायचं कोण?

१९६८ मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. त्याच वर्षी लंडनच्या बेंटॉल आणि डी बोनो यांनी झडप आणि चढती महाधमनी एकत्र बदलण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९९९ मध्ये अशा ६७५ मार्फान रुग्णांचा अभ्यास आला. ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर ३० दिवसांत १.५ टक्के रुग्ण दगावले, तातडीच्या वेळी ११.७ टक्के. म्हणजे वेळेवर ऑपरेशन झालेले बहुतेक जण घरी गेले.

पण कृत्रिम नळी बसते ती बदललेल्या भागातच. फायब्रिलिनच्या जनुकातला दोष १९९१ मध्ये सापडला. तो जन्मापासूनचा, म्हणून उरलेली महाधमनीही कच्चीच. माणूस जगला की ती पुढे फुगायला वेळ मिळतो. आधीच महाधमनीचे थर सुटले असतील तर धोका आणखी वाढतो. हॅनोव्हरच्या हान्स बोर्स्ट यांनी १९८३ मध्ये 'हत्तीची सोंड' पद्धत मांडली ती याच विचाराने. महाधमनीची कमान बदलताना नळीचं एक टोक पुढच्या भागात मोकळं सोडायचं, म्हणजे पुढच्या ऑपरेशनला जोडायला सोपं.

आता तुमच्या कामाचं. 'पुन्हा ऑपरेशन किती टक्के' हा आकडा एकटा वाचू नका. रुग्णांवर किती वर्षं लक्ष ठेवलं? पहिलं ऑपरेशन ठरवून झालं की थर सुटल्यावर? मधल्या काळात किती दगावले? मेलेल्या माणसाचं दुसरं ऑपरेशन होत नाही, त्यामुळे जास्त मृत्यू असलेल्या गटात हा आकडा उलट कमी दिसू शकतो. दोन हॉस्पिटलांची तुलना करण्याआधी हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा.